बिटाचे सूप, सोलं आणि नारळाच्या रसातले

श्रावणात आमच्याकडे महिनाभर शिवराक, म्हणजे मासे-मांस नसलेले जेवण. रोज तीच भाजी, तीच आमटी होऊ लागली की मी बिटाचे सूप करते. त्यात लोणी नाही, साय नाही. दाटपणा येतो मसूर डाळीने आणि मऊपणा नारळाच्या रसाने. बीट न आवडणाऱ्यांची तक्रार एकच असते, मातीचा वास येतो. तो जिओस्मिन या द्रव्याचा वास. पहिल्या पावसात मातीला सुटतो तोच. आंबटात हे द्रव्य मोडते, म्हणून या सुपातली सोलं, म्हणजे आमसुलं, वगळू नका.

चौघांसाठी मुठीएवढी 3 बिटे, पाव वाटी मसूर डाळ, 1 कांदा, 4 लसूण पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, 8 मिरी, 5 सोलं, अर्धा नारळ, 2 चमचे खोबरेल तेल आणि मीठ एवढे पुरते. बिटे पानांसकट मिळाली तर तीच घ्या. पाने टवटवीत असली की कंद ताजा समजावा. गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी आधी पानेच बघते. फार मोठे बीट आतून चरबट निघते.

बीट सोलू नका, चिरूही नका. देठ दोन बोटे ठेवून पाने कापा, खालचे शेपूट तसेच राहू द्या आणि नीट धुऊन अख्खे कुकरमध्ये शिजवा. साल फाटली की रंग पाण्यात उतरतो, आणि पाण्यात विरघळणारे फोलेट हे ब जीवनसत्त्वही त्याच वाटेने जाते. अर्धा तास भिजवलेली डाळ त्याच कुकरमध्ये वेगळ्या डब्यात लावा. 4-5 शिट्या पुरतात. गार झाल्यावर साल नुसत्या बोटांनी निघते.

तोवर आदोळीवर (खवणीच्या विळीवर) नारळ खवून घ्या. अर्धी वाटी कोमट पाणी घालून वाटा, पिळा. हा दाट रस बाजूला ठेवा. त्याच चोथ्यात दीड वाटी पाणी घालून पुन्हा वाटा, हा पातळ रस. सोलं पाव वाटी गरम पाण्यात भिजत घाला.

खोबरेल तेलात कांदा, आले, लसूण आणि ठेचलेली मिरी परता. कांदा मऊ झाला की पुरे, तांबूस करू नका. हळद अजिबात नको, तिने रंग विटकरी होतो. बिटाच्या फोडी, डाळ आणि पातळ रस घालून मंद आचेवर 5 मिनिटे ठेवा. मिश्रण कोमट झाल्यावरच मिक्सरला लावा. गरम असताना झाकण उडते आणि भिंतीवरचे लाल डाग सहज जात नाहीत.

परत पातेल्यात काढून मीठ आणि सोलांचे पाणी घाला. सोलं आधी घातली तर आंबटाने डाळ-भाजी लवकर शिजत नाही, म्हणून ती शिजल्यावरच. आंबटाने बिटाचा रंगही टिकतो. युक्रेनच्या बोर्श्च या सुपात बिटाबरोबर व्हिनेगर किंवा आंबवलेल्या बिटाचे पाणी पडते त्याचे एक कारण हेच. 2022 साली युनेस्कोने तिथल्या बोर्श्च रांधण्याच्या परंपरेला तातडीने जपण्याच्या वारशांत स्थान दिले. इथे गोव्यात मोरजी-हरमलकडे रशियन पर्यटकांमुळे हा पदार्थ हॉटेलांत दिसतो. मला मात्र व्हिनेगरपेक्षा सोलांची मवाळ आंबट चव बिटाच्या गोडीला जास्त शोभते.

एक उकळी आली की गॅस बंद करा आणि मगच दाट रस ओतून ढवळा. रस उकळला की फाटतो. सोलकढी आपण उकळत नाही, ते याचसाठी.

बीट लाल म्हणून त्याने रक्त वाढते, असे घरोघरी सांगतात. खरे तर 100 ग्रॅम बिटात लोह जेमतेम 0.8 मिलिग्रॅम असते. या सुपात लोह आणि प्रथिने मसुरातून येतात. वाढताना लिंबू पिळले की क जीवनसत्त्वामुळे ते लोह अंगाला चांगले लागते. रक्त कमी असेल तर औषध सोडून सुपावर विसंबू नका. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच खावे, कारण बिटात आणि त्याच्या पानांत ऑक्झलेट भरपूर असते. आणि मुलांना आधीच सांगून ठेवा: दुसऱ्या दिवशी लघवी लालसर दिसली तर ते बहुधा बीटच, घाबरायचे नाही.

उरलेले सूप फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी मंद आचेवर नुसते कोमट करा. आमच्याकडे ते उकड्या तांदळाच्या गरम भातावर घेतात, सोबत भाजलेला पापड.