ब्लॉक्ड अकाउंटला पैसे कमी पोचले, कन्फर्मेशन लेटर येईना, शेवटी असं सुटलं

जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला (तिकडच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं, दर महिन्याला ठरावीकच काढता येतात) टाकायचे होते, सोलापुरातल्या बँकेतनं बरोब्बर तेवढेच पाठवले, तिकडं जमा झाले ११,८८२ आणि पूर्ण पैसे जमा झाल्याचं, व्हिसाला लागणारं लेटर काही येईना. भर उन्हात बँकेच्या चार चकरा, दरवेळी एकच, "आमच्याकडनं फुल गेलेत". घोळ असा की मधली बँक वाटेत चार्ज कापते.

मग उरलेले पाठवताना आधी ए२ फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायचा बँकेचा फॉर्म) पर्पज कोड एस०३०५ (पैसे परदेशातल्या शिक्षणासाठी, असं सांगणारा) टाकला, मग चार्जेसच्या रकान्यात 'शेअर' (चार्ज दोघांत वाटून) खोडून 'अवर'वर टिक केली (म्हणजे सगळे चार्ज आपल्याच माथी), ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांनी दिलेला रेफरन्स नंबर जसाच्या तसा लिहिला, आणि २२ ऐवजी ५० युरो पाठवले. स्विफ्टची कॉपी (पैसे परदेशी पाठवल्याची बँकेची पावती) घेतल्याशिवाय काउंटर सोडला नाही. तिसऱ्या दिवशी लेटर मेलवर.