लाकडी स्नोशूला कोणती बाइंडिंग लावावी

नागपुरात बर्फ असतो तो फ्रीजरमध्ये. स्नोशू म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायची रुंद चौकट, आणि बाइंडिंग म्हणजे बूट तिला जखडणारा पट्टा. ती पारखायला तेवढा बर्फ पुरतो. लाकडी चौकट आणि कच्च्या चामड्याच्या वाद्यांची जाळी असलेल्या जुन्या घडणीच्या स्नोशूसोबत बाइंडिंग बरेचदा येत नाही, ती वेगळी घ्यावी किंवा बनवावी लागते. कोरड्या हातांनी घरात बसून बांधली तर कुठलीही सोपीच वाटते. म्हणून पट्टा ओला करा, रात्रभर उणे १८ अंशांत ठेवा आणि सकाळी जाड हातमोजे व ट्रेकचेच बूट घालून बांधून पाहा. दोन मिनिटांत जमलं नाही, तर ती बाइंडिंग नको.

बकलांची चामडी बाइंडिंग दिसायला सगळ्यात देखणी, पण या परीक्षेत हमखास नापास होते. चामडं ओलं झालं की ताणतं, गोठलं की लाकूड होतं, आणि बकलाच्या भोकात बर्फ बसला की काटा हलत नाही. मेण चोळल्याने थोडा फरक पडतो, इतकंच.

कंदिलाच्या वातीसारखी विणलेली, इंचभर रुंद सुती पट्टी स्वस्त आणि हलकी. एका पायाला पाच-सहा फूट लागते. एकदा नीट बांधली की पाय आडवा वळवून गाठ न सोडता आत-बाहेर करता येतो. मात्र सूत पाणी पितं आणि गाठ गोठली की दातांनीही सुटत नाही.

नवख्याने रबराचीच घ्यावी. ट्रकची जुनी ट्यूब पंक्चरवाल्याकडे मिळते. आधी सुतळीने माप घ्या: बोटांवरून, दोन्ही बाजूंनी खाली, टाचेमागून पूर्ण वेढा. त्याहून दहावा हिस्सा आखूड पट्टी ट्यूबच्या लांबीत कापा. मधला भाग चार इंच रुंद, टोकं दीड इंच. रुंद भाग बुटाच्या बोटांवर येऊ द्या. टोकं जाळीत बुटाच्या टोकासाठी सोडलेल्या भोकाच्या दोन्ही अंगांनी खाली घालून त्यामागच्या मुख्य आडव्या वादीखालून मागे वर काढा. टाचेमागे एकावर एक ठेवून बोल्ट आणि दोन वॉशरांनी आवळा, नट बाहेरच्या बाजूला. कापताना कडेला खाच राहू देऊ नका, रबर तिथूनच फाटतं. घालताना आधी बोटं सरकवायची, मग टाचेवरचं रबर ओढायचं. बक्कल नाही, गाठ नाही.

बाइंडिंग कुठलीही असो, चवडा मुख्य वादीवर हवा. टाच उचलली की बुटाचं टोक भोकात उतरलं पाहिजे आणि स्नोशूची शेपटी खाली लोंबली पाहिजे. टोक पुढच्या आडव्या लाकडाला घासत असेल तर पाय पुढे सरकतोय: टाचेचा पट्टा आवळा, नाहीतर उतारावर तोंडावर पडाल. तसंही रबर तिरक्या उतारावर पाय धरून ठेवत नाही, आणि लाकडी स्नोशूला खाली दात नसतात. सपाट कुरणं, जंगलातल्या मऊ बर्फातल्या वाटा यांसाठी ही जोडी ठीक. उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या शेवटच्या चढासाठी दातवाले आधुनिक स्नोशू भाड्यानेच घ्या.

परत आल्यावर माळ्यावर टाकू नका. मे महिन्याच्या उन्हाळ्यात रबर चिकटतं किंवा तडकतं, कूलरच्या दमटपणाने वाद्या सैलावतात आणि कच्चं चामडं उंदरांना फार आवडतं. सावलीच्या खोलीत तारेने टांगा. निघताना मात्र एक जादा पट्टी, एक बोल्ट आणि नट जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा. सॅकमध्ये गारठलेलं रबर ताठरतं, बसवायला जड जातं.