द्राक्षबागेतील सेन्सरांचे एकमत लवकर कसे घडवावे

निफाडकडे पहाटे पारा घसरू लागला की बागेत शेकोट्या पेटवायच्या की ठिबक सुरू करायचे, हे लवकर ठरवावे लागते. दहा सेन्सर मध्यवर्ती सर्व्हरविना, केवळ शेजाऱ्यांशी संदेश बदलून बागेचे सरासरी तापमान काढत असतील, तर प्रत्येक सेन्सर दर फेरीला आपला आकडा शेजाऱ्याच्या आकड्याकडे थोडा सरकवतो. दोघांतील फरकाला ज्या वजनाने गुणायचे ते वजन आणि कोण कोणाशी जोडलेला आहे ही रचना, या दोहोंवर एकमताचा, म्हणजे सर्वांचे आकडे एकाच सरासरीवर येण्याचा, वेग ठरतो.

आधी रचना तपासावी. दहाही सेन्सर एका ओळीत जोडून प्रत्येक दुव्याचे वजन १/३ ठेवले, तर मतभेद, म्हणजे आकड्यांचे सरासरीपासूनचे अंतर, शंभरपट घटण्याची खात्री १३९ फेऱ्यांनंतरच देता येते. फेरी दहा सेकंदांची धरल्यास तेवीस मिनिटे जातात आणि तोवर तापमानच बदललेले असते. सेन्सर बांधाभोवती लावून पहिला व दहावा जोडल्यास, म्हणजे ओळीचे कडे केल्यास, ३४ फेऱ्या पुरतात. कोण कोणाशी जोडलेला आहे हे आकड्यांत मांडणाऱ्या तक्त्याला लाप्लासियन मॅट्रिक्स म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या, रचनेचा स्वभाव सांगणाऱ्या संख्यांना आयगेनमूल्ये. लहानापासून मोजता त्यांतले दुसरे आयगेनमूल्य या एका दुव्याने ०.०९८ वरून ०.३८२ होते; गणितज्ञ मिरोस्लाव फीडलर यांनी १९७३ मध्ये जोडणीची मजबुती याच संख्येने मोजली. महागडा रेडिओ घेण्याआधी हा दुवा जोडावा, असे माझे ठाम मत आहे.

मग वजने. वरचे १/३ मेट्रोपोलिस नियमाने येते: दोघांपैकी ज्याचे शेजारी अधिक, त्या संख्येत एक मिळवून तिने एकाला भागावे. यासाठी केवळ शेजाऱ्याची माहिती लागते, म्हणून सुरुवात येथूनच करावी. रचना कायम असेल, तर दोनला त्या दुसऱ्या आणि सर्वांत मोठ्या आयगेनमूल्याच्या बेरजेने भागावे. कड्यासाठी वजन ०.४५६ येते आणि फेऱ्या २५ होतात. रचना ओबडधोबड असल्यास प्रत्येक दुव्याचे वेगळे वजन काढणे फायद्याचे ठरते. लिन शियाओ आणि स्टीफन बॉइड या संशोधकांनी २००४ मध्ये हा प्रश्न बहिर्वक्र इष्टतमीकरणाने (कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशन, म्हणजे सर्वोत्तम उत्तर खात्रीने शोधता येणारी गणिती पद्धत) सोडवून दाखवला.

याहून वेग हवा असल्यास पहिल्या फेरीनंतर प्रत्येक नव्या आकड्याची १.२८ पट घेऊन त्यातून मागील फेरीआधीच्या आकड्याची ०.२८ पट वजा करावी. त्यामुळे कड्यातील मतभेद दर फेरीला ०.८३ पटीऐवजी, दीर्घकाळात, सुमारे ०.५३ पट होत जातो.

दुव्याच्या दोन्ही टोकांचे वजन मात्र सारखेच हवे आणि संदेश एका बाजूने हरवला तर दोघांनीही त्या फेरीतली देवाणघेवाण सोडून द्यावी, अन्यथा एकमत झपाट्याने होईल, पण चुकीच्या तापमानावर. चाचणीत दर फेरीला दहाही आकड्यांची बेरीज लिहून ठेवावी. ती जिथे बदलते, तिथल्या फेरीतील संदेश तपासावेत.