आज्जीला मदत किती लागते, हे कसं ओळखावं

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात गृहभेटीला जाणारी नर्स म्हणून नव्या पोरींना मी आधी हेच सांगते: "जमतं का?" असं विचारू नका. सून शेजारी उभी असताना आज्जी "जमतंय की" म्हणणारच. "आज्जी, काल आंघोळीचं पाणी कुणी काढलं?" असं कालचं विचारा.

आंघोळ, कपडे, संडासला जाणं, अंथरुणातून उठणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण, ही डॉक्टर कॅट्झ यांची रोजच्या कामांची १९६३ ची यादी. त्यातलं एकेक विचारा. आंघोळीपाशी जास्त थांबा. हात धरायची गरज बहुधा तिथूनच सुरू होते. न्हाणी स्वतः जाऊन बघा. आमच्याकडे ती पुष्कळदा परसात असते, वाटेत पायऱ्या आणि पावसाळ्यात शेवाळ. बंबातलं पाणी काढून बादली कोण उचलतं? धरायला काही आहे का? भिंतीला एक लोखंडी दांडी बसवली की किती आज्ज्या पुन्हा आपल्या आपण न्हातात!

मग खुर्चीवरून उठून तीन मीटर चालून, वळून परत बसायला सांगा. काठी असेल तर काठीसकट. तुम्ही शेजारीच राहा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका धरा.

औषधं, पैसे, फोन, स्वयंपाक हेही विचारा. आज्जाने जन्मात चूल पेटवली नसेल तर "स्वयंपाक जमत नाही" ही नोंद निरर्थक आहे. आज्जी गेल्यावर डबा कोण देतं, ते लिहा. आणि मराठी शाळेत शिकलेल्या आज्जाला कन्नड चिठ्ठी वाचता आली नाही, तर कृपा करून "विसरतो" असं लिहू नका. गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य-चंद्र काढून द्या, मग दोन दिवसांनी गोळ्या मोजा.

"मुलगा सांभाळतो" एवढ्यावर थांबू नका. मुलगा गोव्यात कामाला असेल तर सोमवार ते शनिवार घरात कोण असतं? रात्री कोण उठतं? सुनेला बाजूला घेऊन तिची झोप होते का, तेही विचारा. ती आजारी पडली तर आज्जीचं सगळंच अडतं.

अचानक गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तीन महिन्यांत तीन किलो वजन उतरलं असेल तरी दाखवायलाच हवं. घरात छळ होत असेल तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर फोन लावा. पडल्यावर किंवा दवाखान्यातून घरी आल्यावर जुना कागद बाजूला ठेवून सगळं नव्याने विचारा.