किनाऱ्यालगतच्या जुन्या बागेची डागडुजी: आधी मीठ काढा, मग रोपं आणा

पणजीचं गार्सिया द ओर्ता उद्यान असो वा कांपालची बाग, काम निघालं की पहिली यादी रोपांची होते. ती बाजूला ठेवा. खाऱ्या मातीत लावलेलं रोप मार्चपर्यंत पानांच्या कडेने करपतं आणि दोष माळ्यावर येतो.

वाफ्यात 30 सेंमी खोल जाऊन मातीचा नमुना घ्या. संपृक्त अर्काची (पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) विद्युतवाहकता, म्हणजे खारेपणाचं माप, 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर आली तर माती खारी समजा. 30 सेंमी थरातून तेवढंच पाणी, म्हणजे चौरस मीटरला 300 लिटर, झिरपून गेलं की सुमारे 80 टक्के मीठ धुतलं जातं. गोव्याचा पाऊस याच्या कितीतरी पट असतो, टँकर कशाला? पाण्याला वाट मात्र हवी. 30 सेंमीचा खड्डा एकदा भरून जिरू द्या, पुन्हा भरा, तासाला 2.5 सेंमीपेक्षा कमी उतरलं तर निचरा नाही. चर मे महिन्यातच उकरा. गटाराचं तोंड भरतीला बुडत असेल तर एकतर्फी झडप बसवा, नाहीतर खारं पाणी उलटं आत शिरेल.

चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कठड्यांवर सिमेंटचा गिलावा असेल तर बोटाने ठोकून बघा. पोकळ वाजलं की आतला चिरा भुगा होऊ लागलेला असतो: ओल बाहेर पडू शकत नाही, मीठ गिलाव्यामागे साचून त्याचे स्फटिक दगड फोडतात. गिलावा छिन्नीनेच काढा, ब्रेकर लावू नका. सांधे 2 सेंमी खरवडून भिजवलेला चुना 1 भाग, धुतलेली नदीची रेती 3 भाग असे भरा. समुद्राची रेती चुकूनही नको. ओल्या गोणपाटाखाली आठवडाभर ठेवा. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो, तेव्हा हे काम एप्रिलच्या आत उरका.

जुन्या झाडांच्या बुंध्याला पेव्हर भिडवू नका, भरही घालू नका, मुळं गुदमरतात. झाड तोडायचंच असेल तर 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते.

लोखंडी बाकं ब्रशने घासून गोड्या पाण्याने धुवा, सुकताच त्याच दिवशी प्रायमर मारा.

लागवड जुलैच्या मध्यानंतर: वाऱ्याच्या बाजूला उंडी आणि परसभेंडी, त्यांच्या आडोशाला कण्हेर, चाफा. शिंपणाची विहीर मेमध्ये तपासा. ऑगस्टचं पाणी गोडच लागणार.