वावरातली भेग, बैकालचा बर्फ

आमच्याकडे बर्फ म्हणजे रसवंतीवरचा. त्यामुळे एमएस्सीच्या प्रबंधासाठी सैबेरियातल्या गोठलेल्या बैकाल सरोवरावरच्या भेगा उपग्रहचित्रांवरून आखायचं ठरवलं, तेव्हा यवतमाळजवळच्या आमच्या गावात सगळे हसले. बाबांनी मात्र लॅपटॉपवरचं चित्र निरखून पाहिलं. "हे तं आपल्या वावरातल्या भेगांसारखंच दिसून राह्यलं."

फार चुकले नव्हते. काळी माती सुकून आक्रसते आणि फाटते. बर्फ थंडीनं आकसतो आणि तडकतो. मात्र ऊन लागलं की बर्फ पुन्हा फुगतो, भेगेच्या कडा एकमेकींवर चढतात आणि धुऱ्यासारखा बांध उभा राहतो.

माझा पहिला महिना वाया गेला. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या चित्रातला पिक्सेल, म्हणजे एक ठिपका, जमिनीवरच्या १० मीटरचा. भेग दोन-तीन मीटरचीच असली, तरी पांढऱ्या बर्फात काळं पाणी असल्यानं तो पिक्सेल जरा मळकट दिसतो. म्हणून लांबी आणि जागा सांगता येते. रुंदी मोजायच्या फंदात पडू नका. मी क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दिसेल ती काळपट रेघ आखत सुटलो. मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "पुढच्या तारखेला ही कुठं आहे?" निम्म्या रेघा गायब! वाऱ्यानं भुसभुशीत बर्फ उडवून उघडे पाडलेले पट्टे होते ते. तेव्हापासून किमान तीन तारखांत दिसली तरच भेग. बैकालच्या मोठ्या भेगा बऱ्याचदा एका भूशिरापासून दुसऱ्यापर्यंत जातात, तेही तपासा.

सेंटिनेल-१ या जोडीच्या उपग्रहावरच्या रडारला घाबरू नका. ढग, रात्र, कोरडा भुसभुशीत बर्फ यांतून ते पाहतं. गुळगुळीत बर्फ काळा, खडबडीत बांध उजळ. पण संथ पाणीही काळंच दिसतं, म्हणून वसंतात रडारचं आणि सेंटिनेल-२ चं अशी दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.

सगळा डेटा फुकट आहे. खर्च होतो तो धीराचा. एक चित्र काहीशे एमबीचं, आणि ऐन शेवटी वीज जाते. आधी कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर चित्र बघा, मग हवं तेच उतरवा. देहरादूनच्या आयआयआरएस या सुदूर संवेदन संस्थेचे मोफत ऑनलाइन कोर्स जरूर करा.

बर्फाच्या भेगांवर नागपुरात नोकरी मिळत नाही, हे खरं. मी सध्या भंडाऱ्याकडच्या मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातल्या, तलावांचे काठ आखतो. तिथंही पहिल्याच आठवड्यात जलपर्णीची कड काठ समजून बसलो होतो.