डिझायनर लेहंगा नाहीतर ब्रँडेड पर्स ऑनलाइन विकायचीय? ठाण्यात बसून कसं जमवायचं बघा

लग्नात एकदा घातलेला लेहंगा बेडच्या बॉक्समध्ये, दुबईहून आलेली पर्स तिच्या डस्ट बॅगमध्ये, आणि दरवर्षी पावसाळा संपला की दोन्ही बाहेर काढून वारा दाखवायचा आणि परत आत कोंबायचं, असं ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठी हे लिहितेय. आपल्याकडे वापरलेल्या कपड्यांचं गिऱ्हाईक म्हणजे बोहारीण, चार जरीच्या साड्या द्यायच्या आणि एका पातेल्यावरून अर्धा तास हुज्जत घालायची. आता पुण्या-बंगलोरच्या पोरी ब्रँडचं नाव टाकून जुनाच माल शोधतात.

वापरलेला ब्रँडेड माल ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्याच आहेत, पॅरिसची व्हेस्टिएर कलेक्टिव्ह २००९ ची, अमेरिकेतली द रिअलरिअल २०११ ची, ती २०१९ ला शेअर बाजारातही गेली, आणि २०२१ मध्ये गुची ज्यांची आहे त्या केरिंगनेच व्हेस्टिएरमध्ये पैसे घातले, म्हणजे नवीन माल विकणाऱ्यालाच जुन्याच्या दुकानात भागीदारी हवीशी झाली. नवीनचे भाव बघितले की नवल वाटत नाही, शनेलची मधल्या साइजची क्लासिक फ्लॅप बॅग २०२४ मध्ये युरोपात १० हजार युरोच्या वर गेली. पण लोक अनोळखी माणसाची वापरलेली बॅग लाखात घेतात ते मध्ये कोणीतरी तपासतंय म्हणून. आणि तपासूनही भांडणं होतातच, रिअलरिअलवर नकली बॅगा विकल्याचा दावा शनेलने २०१८ मध्येच ठोकला होता. तेव्हा विकायला बसलात की समोरच्याचा पहिला प्रश्न "ओरिजिनल कशावरून?" हाच असणार, आणि भाव त्याच्या उत्तरावर ठरणार.

म्हणून फोटो काढायच्याही आधी पुरावे गोळा करा. बिल सापडत नसेल तर कार्डाचं स्टेटमेंट, डिझायनरच्या स्टोअरचा ईमेल, ट्रायलच्या वेळचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, काहीही चालतं. लेहंगा असेल तर लग्नातला फोटो, चेहरा क्रॉप करून. बॉक्स, हँगर, एक्स्ट्रा मणी-टिकल्यांची पुडी, सगळं जपून ठेवलं असेल तर उत्तम, फेकलं असेल तर जाऊ दे.

पर्सचं जरा खोलात सांगते कारण फसवाफसवी तिथेच जास्त. लुई व्हिटॉनचं घ्या. जुन्या बॅगांच्या आत एक डेट कोड असतो, दोन अक्षरं आणि चार आकडे, त्यात २००७ नंतरच्या बॅगांमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. म्हणजे आकडे ४१५८ असतील तर २०१८ चा ४५ वा आठवडा. मार्च २०२१ पासून कंपनीने हा कोड बंद करून आत मायक्रोचिप टाकायला सुरुवात केली, त्यामुळे कोणी "२०२३ ची आहे" म्हणून डेट कोडचा फोटो दाखवत असेल तर तिथेच नमस्कार करा. ऑथेंटिसिटी कार्ड दाखवलं तरी तेच, लुई व्हिटॉन असलं कार्ड देतच नाही. आणि त्यांच्या कॅनव्हासच्या बॅगांना जे फिकट कच्चं कातडं लावलेलं असतं ते हाताळून हाताळून मधासारखं गडद होत जातं, आठ वर्षं वापरली म्हणणाऱ्याच्या बॅगेचं हँडल पांढरंफटक असेल तर विचारायचं, हँडल बदललं का बाई.

तुमच्याच बॅगेबद्दल तुम्हाला शंका असेल (गिफ्ट आलेल्या बॅगांचं काही सांगता येत नाही, मेड इन यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा जोक आपणच मारत मोठे झालो) तर आधी पैसे देऊन तपासून घ्या. नकली माल माहीत असून ओरिजिनल म्हणून विकणं हा ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. "फर्स्ट कॉपी" लिहिलं म्हणून सुटका होत नाही.

आता फोटो. सकाळी बाल्कनीत, ट्यूबलाइट बंद, फिल्टर बंद. घोडबंदर रोडला राहत असाल तर आधी बाल्कनी पुसा, मेट्रोच्या कामाची धूळ काळ्या मखमलीवर फोटोत लगेच दिसते. लेहंग्याचे मला विचाराल तर चार फोटो हवेतच: घेर पसरवून, कमरेची नाडी आणि हूक, खालची कड जिथे चपलेला घासून जरी निघते, आणि ब्लाउजची आतली बाजू. हा शेवटचा कोणी टाकत नाही आणि विचारतात सगळे, कारण शिवणीत माया किती सोडलीय त्यावर तो घेणारीला बसेल की नाही ठरतं. दोन्ही बाजूंनी इंच-दीड इंच माया असेल तर टेप लावून फोटो काढा. काखेतला घामाचा डाग, निघालेला मणी, हळदीचा ठिपका, सगळं जवळून दाखवा. डाग दिसल्यामुळे दोन गिऱ्हाइकं जातील, पण माल परत येणार नाही.

ड्रायक्लीन केलंय का तेही लिहा. आणि विकेपर्यंत जरीला डांबराच्या गोळ्या लावू नका, जरी काळी पडते, शिवाय तो वास जाता जात नाही. मलमलमध्ये गुंडाळा. पर्समध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, आपल्याकडच्या जून-जुलैत कातड्यावर बुरशी यायला वेळ लागत नाही.

किंमत म्हणाल तर मन घट्ट करा. भारतीय लग्नाचे कपडे बॅगांसारखे भाव धरत नाहीत, मापाचे असतात ना. समजा सव्वा लाखाचा लेहंगा आहे, मी तरी चाळीस-पंचेचाळीसला टाकीन आणि घासाघिशीला पाच ठेवीन. डिझायनर सब्यसाचीचा असेल तर गोष्ट वेगळी, नावालाच पैसे मिळतात. कोणी किती किंमत लावलीय ते बघू नका, विकला गेला कितीला ते शोधा.

कुठे विकायचं? तपासून विकणाऱ्या कन्साइनमेंटवाल्यांकडे (माल त्यांच्याकडे ठेवायचा, विकला गेला की ते आपला वाटा कापून पैसे देतात) कमिशन बऱ्यापैकी जातं पण डोक्याला ताप कमी, स्वतः विकलंत तर उलटं. "कमिशन, पिकअप, टॅक्स वजा जाऊन माझ्या खात्यात किती आणि कधी" एवढं लेखी विचारा, आणि वस्तू विकली गेली नाही तर परत आणायचा खर्च कोणाचा तेही. सगळा माल एकाच अ‍ॅपवर ठेवू नका. पॉशमार्क हे वापरलेल्या कपड्यांचं अ‍ॅप २०२१ मध्ये भारतात आलं आणि २०२३ मध्ये इथला गाशा गुंडाळला, अमेरिकेत मात्र चालूच आहे.

हातोहात द्यायचं असेल तर घरी बोलवू नका. वाशी-नेरूळचं गिऱ्हाईक ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येतं, कोरम मॉलमध्ये नाहीतर लेक शोरमध्ये (आधीचा विवियाना मॉल) भेटा, फूड कोर्टात उजेड असतो, निवांत बघू दे तिला. कुरियर करायचं तर पॅक करताना सलग व्हिडिओ, वस्तूपासून चिकटपट्टीपर्यंत न थांबता, आणि वस्तूला नंबरवालं प्लास्टिक सील अडकवून "सील तोडलं तर रिटर्न नाही" असं आधीच मेसेजमध्ये लिहा. नाहीतर तुमची बॅग ठेवून दुसरीच परत पाठवणारे आहेत.

एक-दोन वस्तू विकणं म्हणजे धंदा नाही. पण मैत्रिणींचा माल घेऊन विकायला लागलात तर सीएला विचारा. जीएसटीत जुन्या मालासाठी मार्जिन स्कीम आहे, नियम ३२(५), इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं नसेल आणि वस्तू मूळ रूपातच विकत असाल तर टॅक्स फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो.

आणि पैसे घेताना, समोरचा "आर्मीत आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील" म्हणाला की फोन ठेवा. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकून बसला असाल तर गप्प राहू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा आणि बँकेलाही कळवा, जितका उशीर कराल तितके पैसे अडवणं अवघड.